अक्काचं पाप आणि कुसुमावती काकूंचं भाषांतर

आमची अक्का चार वर्षं दर रविवारी चर्चला गेली आणि दर रविवारी उपाशीच परत आली.

उपाशी म्हणजे पोटानं नाही. येताना एबी रोडवर पोहे-जलेबी ठरलेली, आणि पोह्यांवर शेव कमी पडली तर ती त्या पोहेवाल्या भियाला प्लेट परत करायची. उपाशी म्हणजे ख्रिस्तप्रसादाविना. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, अर्ध्याच्या पुढे गेली की सगळे रांगेनं वेदीपाशी जातात आणि फादर प्रत्येकाच्या हातावर नाहीतर जिभेवर ती पांढरी, पापडाहून पातळ भाकर ठेवतात. दिसायला भाकर, आम्ही मानतो की तोवर तो साक्षात येशू झालेला असतो. त्याला आत घ्यायचं तर आतलं घर झाडलेलं हवं, आणि ते झाडायला फादरपाशी पापनिवेदन करावं लागतं. अक्काचा केर चार वर्षं उंबऱ्याच्या आतच साठला होता.

त्यामुळे सगळा बाक उठायचा आणि अक्का बसून राहायची. पर्स मांडीवर, नजर समोर. बस चुकलेली नाही, आपणच सोडली, असा चेहरा.

देवासचं आमचं चर्च लहान. केरळी कुटुंबं, तमिळ कुटुंबं, झारखंडकडची माणसं, धार-झाबुआकडचे आदिवासी, आणि मराठी म्हणाल तर आमचं एकच घर. इतक्या लहान चर्चमध्ये कोण प्रसाद घेत नाही हे लपत नाही. आमच्या पुढच्या बाकावरच्या दोन आंट्या कुजबुजायच्या आणि मी ते घरी जसंच्या तसं म्हणून दाखवायचे.

"उसका गाँव में कोई दूसरा शादी होगा."

"नहीं नहीं. वो मार्केट में बहुत झगड़ा करता है, इसके लिए."

हे ऐकून अक्का खूश व्हायची. म्हणायची, "दुसरं लग्न. या वयात एवढं तरी समजतात मला."

अक्का म्हणजे माझ्या बाबांची आई. खरं नाव नर्मदाबाई, पण बाबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे अक्काच म्हणतात. नगर जिल्ह्यात राहुरीकडच्या एका खेड्यात जन्म आणि जन्माच्या अकराव्या दिवशी बाप्तिस्मा. अकराव्याच का, तर तिथे फादर घोड्यावर बसून यायचे. ज्या दिवशी घोडा, त्या दिवशी बाप्तिस्मा. पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करायच्या संस्काराच्या वेळी बिशपसाहेबांनी रिवाजाप्रमाणे तिच्या गालावर हलकी चापट मारली, ख्रिस्तासाठी सोसायची सवय लागावी म्हणून. "मीपण हात उचललाच होता," अक्का सांगते. "आईनं मागून धरला." लग्नात अंतोनआजोबा वचनं पुटपुटायला लागले तेव्हा तिनं वेदीसमोरच फादरना थांबवलं: "याला पुन्हा म्हणायला लावा. मला ऐकू आलं नाही, उद्या हा नाही म्हणेल." आजोबांना देवासच्या कारखान्यात नोकरी लागली, सत्त्याहत्तर साली दोघं इथे आले, आणि नगरची मराठी तिनं लोणच्यासारखी बरणीत घट्ट झाकून आणली. ती आजही तशीच आहे. आमच्या मराठीत मात्र हिंदीचं पाणी शिरलं.

चर्चच्या सात संस्कारांविषयी अक्का अशी बोलते जसे लोक रेशनकार्डाविषयी बोलतात. हक्काचं आहे, वेळेवर घेतलंच पाहिजे, आणि देणाऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं. डेंग्यूत ती जाते की काय असं झालं तेव्हा तैलाभ्यंग द्यायला फादर आले. घरात रडारड. फादरनी कपाळाला तेल लावलं, तळहातांना लावलं, तेवढ्यात अक्कानं डोळे उघडले आणि म्हणाली, "थोडं गुडघ्यांनापण लावा." तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती. सातांतला एक तेवढा राहिला, धर्मगुरूची दीक्षा. तो बायकांना देत नाहीत. "देत असते तर," अक्का म्हणते, "मिस्सा पाऊण तासात आटपली असती."

आमच्या शेजारच्या कुसुमावती काकूंना हे सातच पटत नाहीत. त्या देवासच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचे आजेसासरे संस्थानात कामदार, म्हणजे कारभारी होते, हे त्या ओळख झाल्यापासून तिसऱ्या वाक्यात सांगतात. बाबा त्यांना काकू म्हणतात म्हणून आम्हीपण काकूच.

"आमच्यात सोळा संस्कार आहेत हो अक्का. तुमच्यात सातच?"

"आमचे सात होतात तरी. तुझ्या लेकाचे, मयुरेशचे, सोळांतले किती झाले?"

काकू बोटं मोजायला लागल्या. बारसं, मुंज, लग्न. तिथे बोट थांबलं.

"तीन," अक्का म्हणाली. "चहा घे."

काकूंची आणखी एक ओळख करून द्यायला हवी. आमच्या कॉलनीत वर्तमानपत्र येतं ते फक्त कोडं सोडवायला. बातम्या काकू देतात. आणि चार वर्षांपासून त्या समोरच्या उमाशंकरजींशी बोलत नाहीत. उमाशंकरजी मंगळवारी लंगुरांना केळी घालतात. त्यांच्या या पुण्याईमुळे लंगूर कॉलनीत येतात आणि आपल्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया पळवतात, असं काकूंचं म्हणणं. चार उन्हाळे कुरडया कमी होत होत्या. काकूंनी जाळी लावली, बुजगावणं उभं केलं, गुलेल आणली. तरी कमी होतच राहिल्या.

आता पापाकडे येते.

अक्काचं पापनिवेदन ऐकायचे ते फादर जगदेव, आपल्या नगरकडचेच. चार वर्षांपूर्वी त्यांची बदली धार जिल्ह्यात, नालछ्याकडच्या एका मिशनवर झाली, आणि इथे केरळचे फादर आले. फार गोड माणूस. पोरांबरोबर बॅडमिंटन खेळतात, हरले तर नेटची उंची मोजतात. पण त्यांना मल्याळम, इंग्रजी आणि हिंदी येते, मराठी नाही.

अक्काला हिंदी येत नाही असं कुणी समजू नये. सब्जीमंडीत तिची हिंदी ऐकून लोक भाव उतरवतात. तिचं म्हणणं वेगळंच होतं. "पाप मी मराठीत केलंय. हिंदीत सांगितलं की दुसऱ्याच कुण्या बाईनं केल्यासारखं वाटतं." तरी बाबांच्या आग्रहावरून एकदा ती गेली. तिथे काय झालं ते तिनंच सांगितलं. फादरना बोलायची बंदी असते, पाप सांगणाऱ्याला नसते. किरकोळ चार गोष्टी सांगून झाल्या, मोठी गोष्ट अजून ओठांवर यायची होती, तेवढ्यात फादरना वाटलं संपलं, आणि त्यांनी प्रायश्चित्त दिलं: पाच वेळा 'प्रणाम मरिया' म्हणा. हिंदीत आकडा ऐकला की अक्काला आपण कुठे बसलोय याचा विसर पडतो.

"पाँच नहीं, तीन लगाओ," ती म्हणाली. "हम पुराने ग्राहक हैं."

फादर गडबडले. "माताजी... चलो, चार."

अक्का चार म्हणून घरी आली आणि आठवडाभर धुसफुसत राहिली. "उतरला म्हणजे मालात खोट होती. असल्या माफीचं काय खरं."

मग गेल्या वर्षी ती मला घेऊन फादर जगदेवांना शोधायला निघाली. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, तिथून नालछ्याकडे मॅजिक गाडीत तेरा माणसं आणि एक बकरी. फादर जगदेव भेटले, ओळखलं, आनंदले. पण त्यांचे कान गेले होते. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते टेबलाच्या खणात ठेवलं होतं. कडुनिंबाखाली दोन खुर्च्या टाकून दोघं बसले. मी लांब हँडपंपापाशी उभी राहिले.

"काय? मोठ्यानं, नर्मदाबाई."

अक्का काहीतरी बोलली.

"सुनेला टाकून बोललीस. बरं. पुढे?"

मी कानात बोटं घातली. फार खोल नाही घातली.

"उपासाच्या दिवशी काय खाल्लंस? मोठ्यानं बोल. हां, सुकट. पुढे?"

अक्का उठली. त्यांच्या पाया पडली, पिशवी उचलली, माझ्याकडे आली. "पुढचं इथे सांगितलं तर धारच्या बसस्टँडपर्यंत जाईल," म्हणाली. मग आता आलोच आहोत तर म्हणून आम्ही मांडू पाहून आलो.

असं ते राहिलं, आणि या वर्षी ईस्टरनंतर माझ्या धाकट्या बहिणीचा, श्रियाचा, पहिला ख्रिस्तप्रसाद ठरला. श्रिया नऊ वर्षांची आहे. पांढरा फ्रॉक शिवून आला, डोक्यावरची फुलांची कडी आली, आणि सिस्टरांच्या वर्गात जे जे शिकवलं ते ते ती घरी येऊन अक्कावर वापरायला लागली.

"अक्का, सिस्टर म्हणाल्या, पाप सांगितलं की देव विसरतो. मग तू सांगत का नाहीस? खूप मोठं आहे का?"

"मध्यम आहे."

"माणूस मारलास?"

"नाही गं."

"मग मी पण नाही घेणार. तू घेशील तेव्हाच मी घेईन. दोघी बरोबर."

आईनं समजावलं, बाबांनी समजावलं, सिस्टरांनी तर फोनवर समजावलं. श्रिया अक्काचीच नात. तिनं फ्रॉक घडी घालून कपाटात ठेवला आणि किल्ली अक्काच्या उशीखाली. उरले आठ दिवस.

अक्का पहिल्यांदा घाबरलेली मी तेव्हा पाहिली. स्वतःचं उपाशी राहणं तिला चालत होतं. पोरीचं ताट आपल्यामुळे मागे जातंय, हे चालेना.

फादरना सांगितलं तेव्हा ते आधी म्हणाले, "माताजी, छोटा-मोटा पाप हो तो भी प्रसाद ले सकते हैं." अक्का म्हणाली, छोटं की मोटं ते मी ठरवीन, दहा आज्ञांतली सातवी काय आहे मला पाठ आहे. मग फादरनी त्यांचं जाड पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि चेहरा उजळला. दुभाषा चालतो. पाप सांगणारा आपल्या भाषेत सांगेल, मधला माणूस फादरना सांगेल, आणि फादरसारखंच त्या मधल्या माणसालाही मरेपर्यंत गप्प राहावं लागेल.

घरी बैठक बसली. दुभाषा कोण?

"सुभाष नको," अक्का बाबांविषयी म्हणाली. "पोटच्या पोराला पाप सांगत नसतात. त्याला सवय लागते."

"मग लतिका?" बाबांनी आईकडे पाहिलं.

"अर्धी पापं तिच्यावरूनच आहेत."

आई म्हणाली, "मला ती माहीत आहेत तशीही."

"नीरजा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कानं फार वेळ पाहिलं नाही. "ही? सोमवारी शाळेत माझ्या आवाजात करून दाखवेल. हातवाऱ्यांसकट."

मला राग यायला हवा होता, पण मी मनात हातवारे बसवायला लागलेच होते.

नेमक्या तेव्हा कुसुमावती काकू चहाला आल्या. पाच वाजता त्या येतातच. काय चाललंय विचारलं, आणि श्रियानं सांगून टाकलं.

काकूंनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर अशी प्रसन्नता, जशी देवीच्या टेकडीवर गर्दी नसताना थेट गाभाऱ्यासमोर पोहोचल्यावर येते. "मी करते की. मला काय, मराठी येते, हिंदी येते. आमचे आजेसासरे महाराजांच्या कचेरीत दुभाष्याचंच काम बघायचे."

"परवा कामदार होते," बाबा म्हणाले.

"दोन्ही बघायचे. आणि अक्का, मी काय परकी आहे का?"

अक्काचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिला नाही म्हणायचं होतं आणि नाही का म्हणतेय ते सांगता येत नव्हतं. "तू उगाच कशाला त्रास..." ती म्हणाली. "तुझे गुडघे..."

"गुडघे तुझे दुखतात, माझे नाही."

अक्कानं श्रियाकडे पाहिलं. श्रिया तोंड मिटून बसली होती, हाताची घडी, अक्कासारखीच.

"शनिवारी पाचला," अक्का म्हणाली.

शनिवारी काकू महेश्वरी साडी नेसून, पावडर लावून तयार. ई-रिक्षात बसून आम्ही चौघी चर्चला गेलो. आत नेहमीची पापनिवेदनाची लाकडी जागा आहे, पण तिच्यात दोनच माणसं मावतात, म्हणून फादरनी बाजूच्या व्हरांड्यात तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी आणि श्रिया पार पलीकडे मारियामातेच्या गुहेपाशी बसलो. दिसत होतं सगळं, ऐकू काहीच येत नव्हतं. आता जे लिहितेय ते अक्कानं सांगितलेलं. काकूंनी आजवर त्यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही, हे मी शपथेवर लिहायला तयार आहे.

आधी फादरनी काकूंना ताकीद दिली. "बहनजी, जो सुना वो कुएँ में गया. घर में नहीं, फोन में नहीं, मंदिर में नहीं. समझा?"

"समझी, फादर. मी त्यातली नव्हेच."

अक्कानं सुरुवात केली. सुनेला टाकून बोलणं झालं, उपासाची सुकट झाली, मंडीत एका भाजीवाल्याला दिलेले शाप झाले. काकू चवीचवीनं हिंदी करत होत्या, मधून मधून स्वतःचा मसाला घालत होत्या: "कह रही है, बहू को बोला. बहू वैसे अच्छी है, फादर." लांबून आम्हाला दिसत होतं, काकूंचे हात कीर्तनकारासारखे चालले होते.

मग अक्का थांबली, पदराशी खेळली, आणि एका दमात म्हणाली:

"आणि मी चार वर्षं कुसुमच्या गच्चीवरून कुरडया चोरल्या."

काकूंचे हात हवेतच राहिले. आम्ही पलीकडून पाहिलं. श्रिया म्हणाली, "दीदी, काकू बिघडल्या."

"जी?" फादर म्हणाले. "क्या बोला?"

काकूंनी उचललेले हात मांडीवर आणले.

"बहनजी?"

"कह रही है..." काकू व्हरांड्याच्या फरशीकडे बघून म्हणाल्या. "पड़ोसन के यहाँ से कुछ उठाया."

"कुछ नहीं, कुरडया म्हण," अक्का म्हणाली. "आणि पुढचं सांग. नाताळला त्याच तळून तिलाच वाढल्या. आणि ती म्हणाली, अक्का, माझ्या कुरडयांना तुझ्या कुरडयांची सर नाही. आणि मी म्हटलं, सवयीनं जमतं."

काकूंनी हे सगळं सांगितलं. सांगावंच लागलं. अक्का म्हणते, कुसुमचा आवाज तेव्हा रेल्वेच्या घोषणेसारखा झाला होता. शब्द सगळे, माणूस कुणी नाही.

फादरना कुरडई म्हणजे काय ते माहीत नव्हतं. काकूंनी गहू भिजवण्यापासून सांगितलं: तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यात घालून दाबायचा, मनगटं तुटतात फादर, मनगटं.

"इतना मेहनत?" फादर गंभीर झाले. "माताजी, क्यों किया?"

हे भाषांतर करायची गरज नव्हती, पण काकूंनी केलं. "का केलंस, विचारतायत."

अक्का खाली बघून म्हणाली, "हात चालेनात माझे. सोऱ्या दाबवेना. आमचे हे गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. नाताळला माझ्याकडे कुरडई नाही असं कधी झालं नव्हतं. नाही जमत म्हणून सांगायचं तर... नाही सांगवलं."

काकूंनी अक्काच्या बोटांकडे पाहिलं. मग हळू म्हणाल्या, "फादर, उसके हाथ में दर्द है." एवढंच भाषांतर.

"पछतावा है?"

"पस्तावा आहे का, विचारतायत."

"नसता तर आले असते का?"

"बोल रही है, है." काकू थांबल्या. "मुझे भी लगता है, थोड़ा है."

"कितना चोरी किया?"

"वर्षाला दहा-बारा," अक्का म्हणाली.

फादरनी प्रायश्चित्त दिलं: त्या शेजारणीकडे जायचं, खरं सांगायचं, माफी मागायची, आणि जमेल ते परत करायचं.

"शेजारणीची माफी मागा म्हणतायत."

"मागते."

"कधी?"

"तू भाषांतर कर. मध्ये बोलू नको."

फादरनी हात वर करून क्षमेचे शब्द म्हटले, आणि उठता उठता काकूंना पुन्हा बजावलं, "बहनजी, किसी को नहीं. और उस पड़ोसन को तो बिलकुल नहीं."

"उसको तो मैं बिलकुल नहीं बताऊँगी," काकू म्हणाल्या.

परतीच्या ई-रिक्षात अक्का पर्स घट्ट धरून बसली. काकू एबी रोडवरचे बोर्ड वाचत होत्या. घराशी उतरलो. अक्का सरळ आत गेली, उरलेल्या कुरडयांचा पत्र्याचा डबा घेऊन आली, आणि काकूंच्या फाटकाशी उभी राहिली. मी फाटकाच्या अलीकडेच होते, त्यामुळे हे मात्र माझ्या कानांनी ऐकलेलं.

"कुसुम, तुला एक सांगायचंय."

"काय गं?" काकूंनी भुवया उंचावल्या. "मला काही म्हणजे काहीच माहीत नाही."

"तुला माहीत आहे."

"मला? मी कुठे होते? पहिल्यापासून सांग. सावकाश सांग."

अक्कानं सांगितलं. काकू प्रत्येक वाक्याला "अगं बाई" आणि "काय सांगतेस" म्हणत होत्या, इतक्या मनापासून की मलाही क्षणभर वाटलं या पहिल्यांदाच ऐकतायत. नाताळच्या ताटापाशी तर त्यांनी अक्काला दोनदा सांगायला लावलं.

"आणि किती नेल्यास गं एका उन्हाळ्यात?"

"वीस-पंचवीस."

"मघाशी तर दहा-बारा म्हणालीस."

दोघी थांबल्या. काकूंनी जीभ चावली. अक्कानं डोळे बारीक केले.

"मघाशी? कधी मघाशी?"

"म्हणजे... मला आपलं वाटलं."

पण अक्काचं लक्ष काकूंच्या चुकीवरून लगेच उडालं होतं. ती पांढरी पडली. लहानपणी पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट लिहिलं होतं: जाणूनबुजून पाप लपवलं किंवा कमी करून सांगितलं, तर निवेदन फुकट, वर आणखी एक पाप. "मी फादरना अर्धंच सांगितलं," ती म्हणाली. "आकडा उतरवला. मंडीची सवय, दुसरं काय. कुसुम, उद्या पोरीबरोबर मी कुठल्या तोंडानं उभी राहू?"

काकूंनी घड्याळ पाहिलं. साडेसहा. "फादर सातला कुलूप लावतात. चल."

"तू येतेस?"

"मी नाही आले तर तुझं भाषांतर कोण करणार? लंगूर?"

ई-रिक्षावाला अजून कोपऱ्यावरच होता. मी पण चढले. फादर मागच्या मैदानात पोरांबरोबर बॅडमिंटन खेळत होते. आम्हाला बघून त्यांनी रॅकेट खाली केली. दोघी त्यांना पायऱ्यांवर घेऊन गेल्या, मी मैदानातच राहिले. पुढचं पुन्हा अक्काच्या तोंडून.

"फादर," काकू धापा टाकत म्हणाल्या, "गिनती बढ़ गई है."

"कौन सा गिनती?"

"कुरडई की. दस-बारह नहीं, बीस-पच्चीस. हर साल. तभी मैं सोचूँ, फादर, मेरा डिब्बा गणपती तक भी क्यों नहीं चलता."

फादर काही बोलणार होते, ते थांबले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. मग अक्काकडे. मग पुन्हा काकूंकडे.

"आपका डिब्बा?"

काकू आभाळाकडे बघायला लागल्या.

फादर पायरीवर बसले आणि बराच वेळ त्यांनी रॅकेटच्या जाळीआड तोंड धरलं. अक्का म्हणते प्रार्थना करत होते. मला मैदानातून त्यांचे खांदे दिसत होते. तशी प्रार्थना मी आणखी कुणाची पाहिलेली नाही. मग त्यांनी अक्काला विचारलं, आता काही राहिलं का? अक्का म्हणाली, आकडे संपले, पण हिच्या संशयापायी उमाशंकरजींच्या लंगुरांवर आळ आला, तोही माझ्याच खाती. फादर म्हणाले, ठीक, त्यांनाही खरं सांगा. त्यांनी पुन्हा हात वर केला. या वेळी अक्कानं प्रायश्चित्तात घासाघीस केली नाही.

रविवारी सकाळी चर्चला निघण्याआधी अक्का उमाशंकरजींच्या दारात गेली. काकू दोन पावलं मागे. उमाशंकरजींनी सगळं ऐकून घेतलं आणि नोटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस जसा बोलेल तसं, सावकाश, खात्री करून म्हणाले, "म्हने तो पेलां ज कियो थो. म्हारा बंदर केला खावे, कुरडई नी खावे." मी तर आधीच म्हटलं होतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "पोहे खाणार का, भाईसाहेब?" चार वर्षांनंतर त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मिस्सेला काकू आल्या. त्यांना कधी उभं राहायचं, कधी बसायचं ते सांगायला आईनं मला मागच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसवलं होतं. पुढच्या आंट्या सारख्या मागे वळून काकूंना खुणावत होत्या. त्यांना कळलं होतं की दुभाषी हीच. एक तर मधेच हळूच म्हणाली, "बहनजी, क्या पाप था?"

मी काकूंकडे पाहिलं. ज्या बाईनं मयुरेशच्या सासूची मूळव्याध अख्ख्या कॉलनीला सांगितली होती, ती सरळ वेदीकडे बघत होती. "मैं तो हिंदी ही नहीं जानती," काकू म्हणाल्या.

पहिला मान पांढऱ्या कपड्यांतल्या पोरांचा. श्रिया पुढे गेली, डोक्यावरची कडी एका कानाकडे सरकलेली. तिनं घेतलं, आणि बाजूला सरकायचं सोडून तिथेच उभी राहिली, मागे बघत. सिस्टर हातानं सरक सरक म्हणत होत्या. श्रिया सरकेना.

अक्का उठली. तिला रांगेतून पुढे पोहोचायला वेळ लागला, गुडघे. फादर ती पांढरी भाकर हातात धरून थांबले होते. अक्कानं जुन्या रीतीनं हात जोडले, डोळे मिटले, तोंड उघडलं. मग दोघी एकमेकींचा हात धरून बाकाकडे आल्या आणि गुडघे टेकून बसल्या.

माझी रांग अजून उठायची होती. काकूंनी मला कोपरानं ढोसलं.

"मिळालं का?"

"मिळालं."

"मग ती अशी गप्प का? तिला बरं नाही का?"

"तोंडात आहे, काकू. तोवर बोलत नसतात."

काकूंनी मान लांब करून पाहिलं. अक्काच्या पाठीला हलकासा पोक आला होता, खांदे सैल पडले होते. काकू मागे टेकल्या आणि पदर सारखा केला.

"विरघळू दे," म्हणाल्या. "घाई नाही."